दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ

वासुदेव वामन तथा भाऊसाहेब पाटणकर (1908–1997) हे यवतमाळचे वकील, हौशी शिकारी आणि उतारवयाकडे झुकताना शायर झालेले गृहस्थ. मुशायऱ्याची उर्दू रीत त्यांनी मराठीत आणली आणि गावोगावी एकट्याच्या वाणीवर मैफली रंगवल्या.

‘दोस्तहो’ आम्ही वर्गात मोठ्याने वाचू लागलो, तेव्हा एक अडचण जाणवली. मुशायऱ्यात आरंभीची ओळ दोनदा म्हणतात. पहिल्यांदा ती नुसती कानी पडते. दुसऱ्यांदा श्रोता पुढचे ओळखू पाहतो, आणि शेवटची ओळ त्याचा अंदाज उधळून लावते. भाऊसाहेबांची सारी मदार या उधळण्यावर. मृत्यू, कफन, स्मशान असे गंभीर सामान मांडून ते अखेरीस हशा वसूल करतात. छापील पानावर मात्र डोळा सगळ्या ओळी एका दमात टिपतो. आमच्या वर्गात एक विद्यार्थी आमच्याआधीच हसला. त्याने खालची ओळ वाचून टाकली होती!

त्यांना ‘रंजक’ म्हणून बाजूस सारणारी समीक्षा आम्हांस म्हणूनच अपुरी वाटते. शाहिरी शिकवताना आपण डफ-तुणतुण्याचा हिशेब धरतो; मग या वकिलाच्या विरामांचा का धरू नये? अर्धी संहिता श्रोत्यांच्या दादेत होती, आणि ते श्रोते आता थकत चालले आहेत. त्यांच्यापैकी कोणी भेटले की आम्ही एवढेच विचारतो : भाऊसाहेब नेमके थांबत कुठे?