साठ पानांचा हिशेब

पत्ते म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बावन्न पानांचा कॅट येतो. मे महिन्याची दुपार, सतरंजी, झब्बू नाहीतर मेंढीकोट. कॅट सगळ्यांचा एकच असतो, आणि कोणाच्या हातात काय पडतं ते पिसणाऱ्याच्या आणि देवाच्या मर्जीवर. हरलो तर "पानंच आली नाहीत" म्हणायला आपण मोकळे!

आमच्या चिरंजीवांचे पत्ते मात्र वेगळे. वय वर्षं बारा, मुक्काम शिकागोजवळ, आणि खेळ पोकेमॉन कार्डांचा. इथे प्रत्येकजण आपला कॅट घरून बांधून आणतो, त्यामुळे ती पळवाट अर्धी बंद. "यात स्पर्धा कसली? महागडी कार्डं घेतली की जिंकला," असं नाशिकच्या काकूने फोनवर विचारलं होतं. तिच्यासाठी (आणि तुम्हा सगळ्यांसाठी) हा खुलासा.

स्टँडर्ड नावाच्या स्पर्धा-प्रकारात डेक बरोबर साठ पानांचा लागतो. एकोणसाठ नाही, एकसष्टही नाही. एका नावाची जास्तीत जास्त चार पानं. अपवाद फक्त साध्या एनर्जीच्या पानांचा. ती हवी तितकी घ्या. निदान एक तरी बेसिक पोकेमॉन हवाच. 'एस स्पेक' नावाची जबरदस्त पानं असतात, ती कुठल्याही नावाची असोत, अख्ख्या डेकमध्ये एकच.

आता गंमत बघा. सुरुवातीला हातात सात पानं येतात. एखादं पान चार वेळा घेतलंत तर त्यातलं एक तरी सातांत येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के. एकदाच घेतलंत तर जेमतेम 12. शिवाय सहा पानं 'प्राइज' म्हणून पालथी बाजूला जातात, म्हणजे तुमचं ते एकुलतं एक पान दहातल्या एका डावात तिथेच अडकून बसणार! मग सगळंच चार-चार का घेऊ नये? कारण साठ भागिले चार म्हणजे फक्त पंधरा. पैसा कितीही असो, एकसष्टावं पान आत येत नाही. एक घ्यायचं तर एक काढायचं. आमच्या जेवणाच्या टेबलावर यावरून तासन् तास खल चालायचा... पोळ्या गार होईपर्यंत!

त्याचा लाडका डेक लुगिया व्हीस्टारचा. त्याची युक्ती मला फार आवडायची. अल्ट्रा बॉल खेळायचा तर हातातली दोन पानं टाकावी लागतात. हा पठ्ठ्या नेमकी आर्किऑप्सची टाकायचा. मग लुगिया डावातून एकदाच ती दोन्ही टाकलेल्या पानांतून उचलून थेट बाकावर बसवायचा, आणि तिथून ती दर खेपेला डेकमधली एनर्जी पुरवायची. टाकलेलंच कामाला येतं, हे आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातलं तत्त्व!

पण स्टँडर्डचा आणखी एक नियम आहे. प्रत्येक पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर असतं आणि ठरावीक काळाने जुनं अक्षर बाद होतं. एप्रिल 2025 मध्ये 'एफ' गेलं. लुगिया गेला, आर्किऑप्स गेला. अल्ट्रा बॉल तेवढा वाचला, कारण तो नव्या अक्षरासह पुन्हा छापला गेला होता, आणि मजकूर तोच असेल तर जुनं पानही चालतं. दोन वर्षांचा खाऊचा पैसा आणि दोन वाढदिवस एका तारखेला स्पर्धेबाहेर! पोरगं रडलं नाही. डेक डबीत ठेवला, वर रबर लावलं आणि दोन दिवस गप्प होतं.

बाप म्हणून मला राग आला. यात विक्रीचा हिशेब नसेल असं मानण्याइतका मी भोळा नाही. पण त्याच महिन्यात धाकटीने खेळायला सुरुवात केली, आणि मला नियमाची दुसरी बाजू दिसली. जुनं काहीच बाद झालं नसतं तर दादाचा दोन वर्षांचा साठा तिला कधी गाठता आला असता? अक्षर बदललं आणि दोघंही जवळजवळ एका रेषेवर आले. पहिल्या महिन्यात तिने त्याला दोनदा हरवलं. (तो हे वाचतो, म्हणून आकडा कमी सांगतोय.)

मला वाटतं, साठचा आणि चारचा नियम पोराला निवड शिकवतो. अक्षराचा नियम त्याहून अवघड गोष्ट शिकवतो: चांगलं होतं, आपलं होतं, तरी वेळ आली की पुढच्यासाठी जागा करायची. तो धडा बाराव्या वर्षी द्यावा का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. सौ. म्हणते, फार लवकर आहे. मला मात्र वाटतं, पत्त्यांतच शिकलेला बरा, आयुष्य याहून महाग शिकवतं.

आणि बाद म्हणजे केराची टोपली नव्हे. एक्सपांडेड नावाच्या प्रकारात लुगिया अजून चालतो, आणि घरच्या सतरंजीवर तर कुठलंच अक्षर बाद होत नाही. काकू, पुढच्या भेटीत एक डाव तुझ्याशी. पिसायचं काम तुझं!