मज्जापेशी आणि माझी घाई

तेहतीस वर्षें मीं मुलांस संस्कृत शिकविलें. शरीरांतील नाडी म्हणजे मस्तकापासून पायापर्यंत ओढलेली एक अखंड दोरी, अशीच तोंवर माझी समजूत होती. गेल्या आषाढांत माझ्या कुटुंबास अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा अडखळूं लागली. ‘पाणी’ म्हणावयाचें तेथें ती ‘पान’ म्हणे. मुलांचे उच्चार सुधारण्यांत माझा जन्म गेलेला. सवयीप्रमाणें मी तिचा शब्द मध्येंच तोडून पुरा करी, आणि ती डोळे मिटून घेई.

वैद्यकाचें शिक्षण घेणाऱ्या नातीनें एके सायंकाळीं मला पुस्तकांतील एक चित्र दाखविलें. इटलींतील गोल्जी यांनीं १८७३ सालीं रौप्यक्षारानें मेंदूचा पातळ काप रंगविण्याची युक्ति काढली. तींत थोड्याच पेशी काळ्या होतात. पण होतात त्या शाखांसह पूर्ण दिसतात. गोल्जींस तें सर्व एकसंध जाळें वाटलें. स्पेनमधील काहाल यांनीं तीच युक्ति सुधारून १८८८ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे. ती शेजारणीस भेटते, पण तिच्यांत मिसळून जात नाहीं. १९०६ सालचें नोबेल पारितोषिक दोघांस विभागून मिळालें. तरी गोल्जींनीं त्या प्रसंगींच्या व्याख्यानांतहि आपला आग्रह सोडला नाहीं! १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दोन पेशींमधील अंतर प्रत्यक्ष दिसलें. तें साधारणतः मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढें असतें. पेशींतून विजेच्या रूपानें आलेला निरोप बहुधा रासायनिक द्रव्याच्या साह्यानें तें ओलांडतो. भोवतालच्या आधारपेशी या पेशींचें पोषण आणि राखण करितात.

“मग तुझ्या आजीचें काय?” मीं विचारलें.

“आजोबा, मेलेल्या पेशी परत येत नाहींत. पण उरलेल्या पेशी सरावानें आपसांत नवे सांधे जुळवूं शकतात. तिचा शब्द तुम्हीं पुरा केलात, तर सराव तुमचा होतो!”

मी निरुत्तर झालों. गोल्जींच्या हट्टास हंसणारा मी, माझा हट्ट मला दिसला नव्हता.

आतां उपचार करणाऱ्या बाई शिकवून जातात तो अभ्यास आम्ही दोघें रोज सकाळीं करितों. पूर्ण बरें होण्याची हमी डॉक्टर देत नाहींत. परवां तिनें देवघराकडे बोट केलें. ओठ हलले, थांबले. माझ्या जिभेवर शब्द आला होता. मीं तो गिळला. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, “समई.”

आपल्या घरीं असें कोणी आजारी असेल, तर वाचकांनींहि एवढें थांबावें, ही विनंति.