पंचवीस की वीसपाच?

पेपर तपासण्याचा धंदा आमच्या घराण्यात माझ्यापाशीच संपणार, अशी माझी समजूत होती. परवा भाचा सुटीला अजिंठ्याला आला आणि पहिल्याच रात्री संगणकापुढे बसून कोणाचे तरी लिखाण ओळीओळीने तपासू लागला.

"कोणाचे पेपर रे?"

"पेपर नव्हे मामा, पॅच. ठिगळ म्हणा. लिनक्सच्या गाभ्याला, कर्नलला, लावायचं आहे. यंत्रांचे पत्ते छापण्याबद्दलचं."

पत्ता छापायला कसले आले आहे ठिगळ! पण त्याने समजावले, तेव्हा मौज वाटली. जाळ्यातल्या यंत्राचा पत्ता चार आकड्यांचा, १९२.१६८.१.१० असा. जाळ्यातून जाताना मोठ्या घराचा आकडा आधी जातो. पण पुष्कळ यंत्रे आपल्या पोटात धाकटे घर आधी मांडतात. छापताना या क्रमासाठी खुणेला एक जादा अक्षर जोडावे लागते. पॅच करणाऱ्याने नेमके तेच गाळले होते. पत्ता उमटणार १०.१.१६८.१९२!

"त्यात नवल काय?" मी म्हणालो. "आपणही २५ लिहिताना दोन आधी लिहितो आणि म्हणताना पाच आधी म्हणतो."

तो हसला. "पण ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इथे यंत्राचं काही अडत नाही, आतला पत्ता बरोबरच असतो. छापलेला पत्ता माणसासाठी. मध्यरात्री बिघाड शोधणारा तो वाचून भलत्याच यंत्रामागे लागतो."

मी गप्प झालो.

वीस वर्षांपूर्वी मी माझ्या वृद्ध गुरुजींना कार्ड टाकले होते : 'अजिंठ्याला उतरा, स्टँडवर उभा आहे.' आम्हा गावकऱ्यांचे अजिंठा म्हणजे घाटावरचे गाव. जगाचे अजिंठा म्हणजे लेणी. ती घाटाखाली, फर्दापूरजवळ, गावापासून दहाबारा किलोमीटरवर. जळगावहून येणाऱ्याला आधी लेण्यांचा फाटा लागतो. गुरुजी तिथेच उतरले. त्यांच्याजवळ फोन नव्हता. संध्याकाळपर्यंत उन्हात बसून ते परतीच्या गाडीने गेले. मागाहून पत्र आले. तक्रारीचा शब्द नव्हता. 'पुढच्या वेळी नीट कळव' एवढेच. पुढची वेळ आली नाही.

"मामा, पोरगा नवखा दिसतो. सोडून देऊ का?"

"रागाने लिहू नकोस," मी म्हणालो, "पण सोडूही नकोस."

त्याने गाळलेल्या अक्षरापाशी खूण केली आणि कारण लिहिले. माझे ते कार्ड पेटीत पडण्यापूर्वी असेच कोणी तपासायला हवे होते.