चाळीस मेंढ्या आणि एक मेंढा

आमच्या पशुपैदास शास्त्रात एक सूत्र आहे. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. वाड्यात चाळीस मेंढ्या आणि एक मेंढा असेल, तर उत्तर जेमतेम चार येतं. डोकी एक्केचाळीस, पण वंशाच्या हिशोबात जनावरं चारच! अशा कळपात अंतःप्रजनन दर पिढीला साडेबारा टक्क्यांच्या आसपास वाढतं. मेंढे चार ठेवले, तर हिशोबातली जनावरं चारावरून साडेचौदावर जातात. हेच गणित आमच्या दख्खनी मेंढीलाही लागू.

खंडाळा तालुक्यातल्या लोणंदचं नाव दख्खनी मेंढीच्या एका प्रकाराला मिळालं आहे. काळी, चिवट, पावसात आणि थंडीत टिकणारी ही मेंढी. तिच्या राठ लोकरीची घोंगडी सनगर समाजातले विणकर विणायचे, चिंचोक्याची खळ देऊन. स्वस्त ब्लँकेटं आली, लोकरीचा भाव पडला आणि कातरणी अंगावर यायला लागली. मग मेंढपाळ जतकडच्या माडग्याळ मेंढ्याकडे वळले. उंच, बाकदार नाकाचा, लोकर जवळजवळ नसलेला. आटपाडी भागातल्या अशाच एका मेंढ्याला २०२० साली ७० लाखांची बोली लागल्याची बातमी गाजली. माडग्याळ देखणा आहे, वजनालाही चांगला. माझं भांडण त्याच्याशी नाही. पण सगळ्याच वाड्यांत तोच फिरला, तर काळी मेंढी दोन-चार पिढ्यांत नावापुरती उरेल. शिवाय घाट उतरून कोकणात जाणाऱ्या कळपाला नुसती उंची काय कामाची?

कोणत्या जनावरात काय दडलेलं असतं, ते आधी कळत नाही. सुंदरबनातली गरोळ मेंढी इतकी बुटकी, की आपल्याकडे तिला कुणी बाजारात उभंही केलं नसतं. मात्र ती दोन-दोन, तीन-तीन कोकरं देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांबरोबर तिचा हा गुण तिकडच्या बुरूला मेरिनोत उतरला. पुढे शोध लागला, की सहाव्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकातल्या बदलाची ही करामत आहे. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली होती. तिथे हा जनुक गरोळमधून लोणंदच्या दख्खनीत आणला गेला. पुन्हा पुन्हा दख्खनीशी संकर केल्याने अंगलोट आपली राहिली, जुळ्यांचा गुण तेवढा आला. हीच ‘सुवर्णा’. गरोळ आधीच संपली असती, तर सुवर्णा कुठून आली असती?

जतन म्हणजे सरकारी फार्मावर चार जनावरं बांधून ठेवणं, असं मला वाटत नाही. दोन वर्षांत मेंढ्याच्या लेकी माजावर येतात. तो आपल्याच लेकींना लागू नये, म्हणून त्याआधी तो शेजारच्या वाड्याला द्यावा, त्यांचा आपण घ्यावा. पैसा लागत नाही, विश्वास लागतो. मेंढपाळांना माझी विनंती एवढीच, की दिवाळीनंतर वाडे कोकणात उतरण्याआधी ही अदलाबदल उरकून घ्या आणि एक तरी काळा मेंढा ठेवा. वाचकांनी यंदा घोंगडी घेताना दुकानदाराला विचारावं, लोकर दख्खनी मेंढीची आहे का?