शीळ घालणारी मोटार

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाला पोहोचते तोवर सव्वा दिवस जातो. राज्याच्या एका टोकाच्या उसातून निघालेला माणूस दुसऱ्या टोकाच्या धानात उतरतो. गेल्या दिवाळीत हा प्रवास मी आईला घेऊन केला. कॉलेजला सुट्टी होती, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मी बुद्ध्याच घरी विसरलो होतो, आणि आईला भाऊबीजेसाठी नागऱ्याला जायचे होते. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे मामा, तेथे राहतात. आषाढात मामी गेल्या. तेव्हा आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. तिला येता आले नव्हते. वर्ष व्हायचे होते, म्हणून सण बेताचाच होणार होता. आईला ओवाळण्यापेक्षा भावाशी बोलायचे होते.

नागरा हे गोंदियाच्या उत्तरेला पाचेक किलोमीटरवरचे, बालाघाटच्या बाजूचे गाव. जुन्या शिवमंदिरामुळे पंचक्रोशीत त्याचे नाव आहे. मुलूख सारा धानाचा आणि तलावांचा. गंमत म्हणजे इकडच्या तलावांनाही 'मामा' म्हणतात. माजी मालगुजारी या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन सरकारी कागदांनी त्यांचे हे नाते जोडून दिले आहे. मालगुजारी 1951 साली गेली. तलाव आणि त्यांचे मामापण उरले. गोंदिया पूर्वी भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. पण भातगिरण्यांचे गाव म्हणून त्याची ओळख त्याहून कितीतरी जुनी. आमच्या मामांनी अशाच एका गिरणीत पस्तीस वर्षे फिटर म्हणून काढली.

स्टेशनाबाहेर मामा मोटार घेऊन उभे होते. ही मोटार म्हणजे आमच्या आजोळचे एक माणूसच. स्टँडर्ड हेराल्ड. मद्रासला 1961 पासून तयार होऊ लागलेली, दोन दारांची, 948 सीसीच्या इंजिनाची. विलायतेतल्या ट्रायम्फ हेराल्डची ही देशी बहीण. हिचा सांगाडा वेगळा आणि वरचे अंग तुकड्यातुकड्यांनी बोल्टांवर बसवलेले. त्यामुळे छप्परही सोडवून काढता येते. मामांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली तेव्हा आधीच्या मालकाने तिचे पत्र्याचे छप्पर उतरवून कापडी टप चढवलेला होता. टप मागे दुमडला की मोटार उघडी, वर ओढला की बंद. 'बंद' हा शब्द मात्र वाचकांनी सैल अर्थाने घ्यावा.

शहर मागे पडले, मोटारीने चाळिसाचा वेग घेतला आणि माझ्या कानाशी कोणीतरी शीळ घालू लागले. पन्नासावर तिची किंकाळी झाली. त्यातच डोक्यावरचे कापड ढोलासारखे भरभरू लागले. मागून आई ओरडली, "दादा, तब्येत कशी आहे?"

मामा म्हणाले, "उभंच आहे शेत. पाडव्यानंतर कापणी."

आई हसली नाही. पाच किलोमीटरांत तिने आणखी दोनदा विचारले आणि मग खिडकीबाहेर पाहत बसली.

रात्री मामेभावाने मला ओसरीवर गाठले. "दादा, ही गाडी आता जाऊ द्यायची. मंडई झाली की नागपूरचा गिऱ्हाईक येऊन राहिला. बाबांना मागून ट्रकचा भोंगा ऐकू येत नाही. कानातलं यंत्र घेऊन दिलं, तर गाडीत बसताना काढून खिशात ठेवतात. उद्या काही झालं तर?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण या विषयावरून बापलेकांत आठ दिवस बोलणे बंद होते, आणि मामी गेल्यापासून मामा घरात तसेही बोलत नसत. जे काय बोलायचे ते चाक हातात असताना. पुष्कळ पुरुषांची ही खोड असते. समोर रस्ता असला, कोणाच्या डोळ्यांत पाहावे लागत नसले, की त्यांना बोलता येते. गाडी गेली तर मामांचे तेवढेही बोलणे जाईल, हे आईने आल्या रात्रीच ओळखले.

सकाळी मी मामांना विचारले, "मामा, ही शीळ बंद नाही का करता येणार?"

"कोणती शीळ?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. इंजिनाच्या नुसत्या धडधडीवरून बिघाड सांगणाऱ्या या माणसाला ती शीळ ऐकूच येत नव्हती! वय वाढते तसे आधी उंच पट्टीचे ध्वनी कानातून निसटतात. खालच्या पट्टीचे मागाहून. मराठीच्या मास्तराला हे व्याकरणात सांगता येईल. स्वर ऐकू येतात, पण स, श, ट, क अशा व्यंजनांच्या कडा विरघळतात. वाऱ्याचा सूत्कार नेमका त्याच उंच पट्टीत असतो. उरलेल्या कडाही तो झाकून टाकतो. यंत्र लावावे तर ते बोलण्याबरोबर वाराही मोठा करते. मामांची समजूत अशी की यंत्रच खराब निघाले, आणि लोकांच्या तक्रारी म्हणजे जुनी गाडी विकायला लावण्याचे निमित्त.

"तुला ऐकू येऊन राहिली नं?" मामा थोड्या वेळाने म्हणाले. "मग कान तुझे, हात माझे. चल."

आता गाडी चालवायची कोणी? कान लावायला मी, फटी पाहायला मामा. तेव्हा चाकावर मामेभाऊ बसला. बोलणे बंद असल्यामुळे पहिले दोन फेरे मामांनी त्याला सूचना माझ्यामार्फत दिल्या. तिसऱ्या फेऱ्याला ते विसरले.

मामांनी रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी आणवली आणि काचा, टप, दारे यांच्या साऱ्या सांध्यांवर बाहेरून चिकटवली. गाडी आजारातून उठल्यासारखी दिसू लागली. बालाघाटच्या रस्त्याला लागून पन्नासाने गेलो, तर शीळ गायब! मग परत फिरायचे, एका सांध्यावरची पट्टी काढायची, पुन्हा जायचे. सहाव्या फेऱ्याला चोर सापडला. पुढच्या तिकोनी काचेच्या वरचा कोपरा. तेथे समोरच्या काचेचा खांब, टपाची कड आणि दाराची काच असे तिघे एकत्र येतात. तीन भाऊबंद एका धुऱ्यावर आले की भांडण व्हायचेच.

पण उभ्या गाडीत मी त्या कोपऱ्यावर बोट फिरवले, तर फट दिसेना. रबर काचेला टेकलेले होते. मी गोंधळलो. मामांनी कागदाची एक पट्टी माझ्या हाती दिली. "ओठाखाली धर आणि वरून फुंक." फुंकले, तर लोंबती पट्टी वर उचलली गेली. "वारा जिथं जोरात वाहते, तिथं त्याचा दाब कमी होते. खांबाला वळसा घालताना वारा धावते. बाहेर दाब कमी, आत जास्त. काच बाहेर ओढली जाते. उभी गाडी बंद, धावती गाडी उघडी. टपाचं कापडही असंच वर फुगते."

हेराल्डच्या दाराच्या काचेला वरून धातूची चौकट नाही. ती खालून येते आणि नुसती रबराला टेकते. म्हणून तिला बाहेर जायला फारसे काही लागत नाही. दोष बनवणाऱ्यांचा नव्हता. साठ वर्षांत रबर दगडासारखे झाले होते आणि टप तर मुळात दुसऱ्याच हातचा. हल्लीच्या महागड्या उघड्या मोटारींत दार उघडताना काच आपोआप जराशी खाली जाते आणि दार लागले की वर चढून रबरात रुतून बसते. आमच्याकडे ते काम मामांच्या पान्याला करायचे होते.

वेगाचे गणितही मला त्या दिवशी नीट उमगले. अशा वाऱ्याच्या आवाजाची शक्ती साधारण वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. तिशीचा वेग साठ केला की ती चौसष्टपट होते. कानाला चौसष्टपट वाटत नाही, पण गावात मुकी असलेली गाडी हमरस्त्यावर किंचाळते ती यामुळे.

दुपारी दाराचे आतले आवरण उतरवले. मामांनी पोस्टकार्डाची एक पट्टी कापली, काच आणि रबर यांच्यात धरून दार लावले आणि ती हळूच ओढली. जेथे पट्टी अडखळत निघाली तेथे ठीक. जेथे सुळकन निघाली तेथे खडूची खूण. मग काच ज्या खाचेत वर-खाली होते तिचे बोल्ट सैल करून काचेची वरची कड आत कलवली. फार नाही, दोन-तीन मिलिमीटर. मी म्हणालो, "आणखी थोडी आत घ्या ना, कायमचा बंदोबस्त होईल."

मामा पहिल्यांदा हसले. "गिरणीत धान सोलायला दोन रबरी रूळ असतात. एक जलद फिरते, एक हळू. त्यांच्यातली फट दाण्याहून बारीक ठेवायची. जास्त ठेवली तर धान तसंच निघून जाते. कमी ठेवली तर तांदळाची कणी होते, अन् रबरही लवकर झिजते. काचेचं तेच. फार दाबली तर दार लागत नाही, अन् लागलं तर रबर चार महिन्यांत मरते."

जुने रबर खरवडून काढले. गोंदियाच्या बाजारातून आतून पोकळ असलेली मऊ रबरी पट्टी आणली. मामेभावाने ती डिंकासारख्या चिकट द्रावणाने बसवली. त्या भांडकुदळ कोपऱ्यात मामांनी रबराचा एक छोटा तुकडा पाचरीसारखा कापून घातला. उत्साहाच्या भरात मी दाराच्या तळाशी असलेली भोकेही बुजवायला निघालो. मामांनी माझा हात धरला. काचेवरून निथळणारे पावसाचे पाणी दाराच्या पोटात उतरते आणि त्या भोकांतून बाहेर पडते. ती बुजवली की दार आतून गंजते.

"साऱ्याच फटी बुजवायच्या नसतात, बाबू," ते म्हणाले. "कोणती बुजवायची अन् कोणती ठेवायची, एवढंच शिकायला माझी पस्तीस वर्षं गेली."

संध्याकाळी बादलीने पाणी ओतून पाहिले. एका थेंबाखेरीज आत काही आले नाही. टपाचे पट्टे ताणून घेतल्यावर ढोलही बराच खाली आला.

भाऊबीजेच्या दिवशी आईने मामांना ओवाळले, तेही साधेपणानेच. मग आम्ही देवळाला निघालो. लहानपणी ती दोघे बैलांच्या दमणीतून येथे यायची. दमणीत म्हणे कुजबुजलेलेही सारे ऐकू यायचे. दर्शन झाल्यावर आई म्हणाली, नदीपर्यंत जाऊन येऊ. बाघ नदी, म्हणजे पलीकडे मध्य प्रदेश.

मामा चाकाशी गेले. किल्ली लावली. खिशातून यंत्र काढून कानात बसवले. मग काय वाटले कोण जाणे, खाली उतरले आणि किल्ली मुलापुढे धरली. "तू चालव. मी बाईजवळ बसतो."

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळे पडलेले धान होते. कोठे कापणी लागली होती, कोठे पेंढ्या बांधणे चालले होते. काटा पन्नासावर गेला. मी कान टवकारून बसलो. एक बारीक सुस्कारा होता, शीळ नव्हती.

मागून आईचा आवाज आला, अगदी नेहमीचा, न ओरडता. "दादा, वहिनीचं शेवटी काय झालं रे?"

बराच वेळ काही नाही. मला वाटले, ऐकू गेले नाही. मग मामा बोलू लागले. दवाखान्यातली रात्र, तिने मागितलेले पाणी, पहाटेचे तिचे दोन शब्द. पाच महिन्यांत त्यांनी यातले काहीही कोणाला सांगितले नव्हते. पोटच्या मुलालाही नाही. मुलगा समोर रस्त्याकडे पाहत गाडी चालवत होता. त्याने वेग हळूच चाळिसावर आणला. बाकीचे मी येथे लिहीत नाही. ते आम्हां पुढे बसलेल्यांसाठी नव्हतेच.

नागपूरच्या गिऱ्हाइकाला मामेभावाने दुसऱ्या दिवशी फोन करून नाही म्हणून सांगितले. मामा आता हमरस्त्यावर गाडी चालवत नाहीत. गावातल्या गावात, यंत्र कानात घालून चालवतात. सत्तरच्या वर गेले तर तो कोपरा अजून शीळ घालतो, असे मामेभाऊ परवा फोनवर सांगत होता. मी म्हणालो, पुन्हा येतो, काढू ती.

मागून मामांचा आवाज आला, "सत्तरच्या वर जायचंच काहून?"

फोनवरचे माझे बोलणे त्यांना ऐकू गेले होते.