झिजला तेवढाच भाग

आमच्या उचगावात साठी ओलांडलेली बाई जिना चढताना पाहावी. एक हात भिंतीला, दुसरा गुडघ्यावर. सारा जन्म उकिडवे बसण्यात गेलेला. भांगलण, धार, चुलीपुढचे काम, सारे उकिडवेच. मग गुडघा दुखू लागला की निरगुडीचा शेक घ्यायचा आणि गप्प बसायचे, ही आमच्याकडची रीत.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्ती म्हणतो, चार वर्षे अशाच गप्प बसल्या. उजवा गुडघा आतल्या अंगाला ठणके. आधी मांडी घालणे सुटले, मग रानात जाणे, शेवटी चैत्रातली जोतिबाची यात्रासुद्धा. डॉक्टरांचे नाव काढले की म्हणत, "मी हातरुणावर पडलो तर म्हशींची धार कुनी काढायची?" त्यांना भीती शस्त्रक्रियेची नव्हती. आपण घराला ओझे होऊ, ही होती.

गुडघा बदलता येतो हे खेड्यापाड्यांत कळले ते बरेचसे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले. तेव्हापासून गुडघा बदलायचा म्हणजे सगळाच बदलायचा, असे लोक धरून चालतात. कोल्हापुरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी आम्हाला वेगळी गोष्ट सांगितली.

गुडघ्याला तीन कप्पे असतात. एक आतल्या बाजूचा, एक बाहेरच्या बाजूचा आणि तिसरा वाटीच्या मागचा. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते झिजले की हाडावर हाड घासते. पुष्कळांचा आतला कप्पा आधी झिजतो आणि पाय धनुष्यासारखे बाक घेतात. आत्तींना उभे करून एक्स-रे काढला, कारण अंगाचा भार पडल्यावरच झीज नीट दिसते. आतला कप्पा पार झिजला होता. बाकीचे दोन चांगले होते, सांध्याला बांधून धरणारे दोर शाबूत होते.

डॉक्टर म्हणाले, "आजी, पंपाचा बुश झिजला म्हणून कुणी आख्खी मोटार टाकतं का?"

अशा वेळी झिजलेल्या कप्प्यापुरते दोन्ही हाडांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती घालतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला शल्यविशारद जॉन गुडफेलो आणि अभियंता जॉन ओकॉनर यांनी सत्तरीच्या दशकात असा सांधा तयार केला. यात काप लहान असतो, रक्त कमी जाते, माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. ब्रिटनमध्ये २७ रुग्णालयांतल्या ५२८ रुग्णांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर अर्धा आणि पूर्ण बदललेले गुडघे जवळपास सारखेच काम देत होते, आणि अर्ध्याचा खर्च कमी आला होता.

दुसरी बाजूही डॉक्टरांनी लपवली नाही. उरलेले कप्पे पुढे झिजू शकतात. पूर्ण बदलापेक्षा या गुडघ्याला पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण जास्त असते. आमवात असेल, दोर तुटलेला असेल किंवा झीज सगळीकडे पसरली असेल, तर हा उपाय चालत नाही. जंतुसंसर्गाचा धोका दोन्हींत असतो. म्हणून आधी रक्तातली साखर आटोक्यात आणायची आणि टाचांच्या भेगा, पायाच्या जखमा बऱ्या करायच्या. चिखलात राबणाऱ्या पायांना हे फार लागू.

खर्चाचेही सांगते. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तेव्हा बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपले काम बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

आत्ती दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. पण खरी शस्त्रक्रिया घरातच झाली म्हणायची! पहाटेची धार माझ्या मालकांनी घेतली, वैरण धाकट्या दिरांनी. कमोडची खुर्ची आली. गुडघा वाकवण्या-ताणण्याचा व्यायाम नातीने रोज मोजून करून घेतला. पहिल्या आठवड्यात आत्ती रडत, चिडत, पण नात हटली नाही. दीड महिन्यात काठी सुटली. उकिडवे बसणे मात्र आम्ही त्यांना पुन्हा करू दिलेले नाही. आता गोठ्यात त्या खुर्ची टाकून बसतात आणि लेकाची धार कशी चुकते ते सांगतात.

भगिनींनो, दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्याला शस्त्रक्रिया लागत नाही. वजन, व्यायाम, औषध यांनी पुष्कळांचे भागते. पण भागत नसेल, तर डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: माझा गुडघा किती झिजलाय, आणि कुठे? आणि घरातल्यांनो, तुम्हीही एक विचार करा. तिचे काम कोण करणार, हे ठरल्याशिवाय ती दुखणे बोलून दाखवणार नाही.