झऱ्यांच्या मागे गेलेली रेल्वे

मरी गावात जुनी डिझेल इंजिनं रुळांच्या तुकड्यावर कायमची थांबली आहेत. जवळच मातीच्या मशिदीची प्रतिकृती आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातला ऊडनाडाटा ट्रॅक इथून सुरू होतो. मार्लापर्यंत सुमारे 620 किलोमीटर कच्चा रस्ता, आणि ऊडनाडाटापर्यंत सोबतीला 'द घान' गाडीचा उखडलेला मार्ग. मशीद उंटवाल्यांची. 1866 मध्ये कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून, शंभराहून अधिक उंट पोर्ट ऑगस्टाला उतरले. पुढे टेलिग्राफच्या तारेचं आणि रुळांचं सामानही उंटांच्या पाठीवरूनच वाळवंटात गेलं.

मरी मागे पडलं की दगडगोट्यांचं लालसर माळरान, उजवीकडे दक्षिण आयर सरोवराचं पांढरं मीठ. असल्या मुलखात रेल्वे आणावी कुणी? उत्तर पुढे 'बबलर' नावाच्या झऱ्यात बुडबुडतं. जमिनीखालच्या प्रचंड आर्टेशियन खोऱ्यातलं पाणी इथे आपसूक वर येतं. अरबाना लोक पिढ्यान्‌पिढ्या या झऱ्यांच्या आधारानं राहिले, फिरले. शोधप्रवासी जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट झऱ्यांच्या याच ओळीनं उत्तरेकडे गेला, 1872 मध्ये तार गेली, आणि पाण्यावाचून न चालणारी वाफेची इंजिनंही त्याच वाटेला लागली. रूळ 1884 मध्ये मरीला, 1891 मध्ये ऊडनाडाटाला आणि 1929 मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचले.

पण हे पाणी क्षारयुक्त. कर्डिमर्का स्टेशनात ते सौम्य करणारा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. त्याहून मोठी अडचण आभाळातली. एरवी कोरड्या पडलेल्या नद्या एका पावसात फुगायच्या, भराव वाहून जायचे आणि गाडी वाटेतच अडकायची. अल्जेबकिनाला नील्स नदीवर 578 मीटरचा लोखंडी पूल बघताना आधी हसू येतं. मग दोन्ही तीरांमधली पुराची रुंदी लक्षात येते आणि आखणाऱ्यांचा हिशेब पटतो. सगळ्याच मार्गावर असा पूल बांधणं मात्र परवडणारं नव्हतं. वाफेची जागा डिझेलनं घेतल्यावर झऱ्यांची गरज संपली, पूर मात्र राहिले. अखेर 1980 मध्ये रेल्वेनं पश्चिमेचा नवा मार्ग धरला.

आमच्या गाडीच्या टाकीत डिझेल भरपूर होतं, पाण्याचे कॅनही. तरी निघण्याआधी रस्त्याच्या फलकावर 'खुला' लिहिलंय ना, ते पाहावंच लागलं. पाऊस झाला की हा ट्रॅक सरकार बंद करतं. शंभर वर्षं इथल्या वेळापत्रकावर पाण्याचाच अंमल होता. तो अजून उठलेला नाही.